दचका आणि धास्ती : ‘द वूमन इन ब्लॅक’ या नाट्यप्रयोगाचा प्रकरण अभ्यास

मराठीत दचकणे वेगळे आणि धास्तावणे वेगळे. पाठीमागून कोणी मोठ्याने हाक मारली की माणूस दचकतो आणि वळून पाहिले की सावरतो. दचका अंगाला बसतो, मनाला त्याची खबर मागाहून लागते. धास्तीचे तसे नसते. ती मनात घर करते, आणि जिची धास्ती घेतली ती गोष्ट घडली नाही तरी वाढतच राहते. रंगभूमीवरच्या भयकथेचे मूल्यमापन करताना हा फरक हाताशी ठेवावा लागतो, कारण प्रेक्षागृहात किती किंकाळ्या उठल्या यावरून प्रयोग जोखण्याची सवय सर्रास दिसते आणि त्या मापाने फक्त दचक्यांची मोजदाद होते. धास्ती आवाज करत नाही. ती मोजायची असेल तर प्रयोगाने ती कुठे पेरली, कशावर पोसली आणि कुठे खर्च केली, हे प्रवेशागणिक पाहावे लागते. या अभ्यासासाठी मी ‘द वूमन इन ब्लॅक’ हे इंग्रजी नाटक निवडले आहे. ते निवडण्याचे कारण असे की त्यात साधने अतिशय कमी आहेत आणि त्यामुळे कोणत्या साधनाने काय साधले, हे स्पष्टपणे वेगळे काढता येते.

सुझन हिल यांची याच नावाची कादंबरी १९८३ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाट्यरूपांतर स्टीफन मॅलाट्रॅट यांनी केले आणि रॉबिन हर्फर्ड यांच्या दिग्दर्शनाखाली १९८७ च्या नाताळात, यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील स्कारबरो या गावातल्या स्टीफन जोसेफ थिएटरमध्ये त्याचे पहिले प्रयोग झाले. तिथले कलादिग्दर्शक ॲलन एकबर्न त्या काळात बाहेर होते, कारभार हर्फर्ड यांच्याकडे होता आणि नाताळच्या जोड-नाटकासाठी हाती फारसा पैसा उरला नव्हता. इंग्लंडमध्ये नाताळच्या लांब रात्रींना भुताच्या गोष्टी सांगण्याची जुनी रीत आहे. तेव्हा कमी नटांत आणि कमी खर्चात बसेल अशी एखादी भूतकथा करावी, या गरजेतून हे नाटक उभे राहिले. पुढे ते लंडनला गेले, जून १९८९ मध्ये कॉव्हेंट गार्डनजवळच्या फॉर्च्युन थिएटरमध्ये स्थिरावले आणि महासाथीच्या काळातील खंड सोडला तर ४ मार्च २०२३ पर्यंत तिथेच चालले. वेस्ट एंड या लंडनच्या नाट्यगृहांच्या भागातील प्रयोगांची संख्या तोवर १३,२३२ झाली होती. संगीतिका वगळल्या तर त्या भागात याहून अधिक काळ चाललेले नाटक एकच आहे, ‘द माऊसट्रॅप’. पैशाच्या चणचणीतून निघालेल्या उपायांनी एवढा मोठा पल्ला गाठला, आणि माझ्या मते त्या उपायांतच या प्रयोगाच्या भीतीचे मूळ आहे.

कथानक थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आर्थर किप्स नावाचा वृद्ध वकील तरुणपणी आपल्यावर गुदरलेला प्रसंग लिहून काढतो आणि तो आपल्या आप्तेष्टांसमोर सांगून एकदाचा मनावेगळा करावा म्हणून एका व्यावसायिक नटाची मदत घेतो. हे दोघे एका रिकाम्या नाट्यगृहात भेटतात. किप्सला वाचता येत नाही असे नाही, पण त्याचे वाचन सपाट, पुटपुटल्यासारखे असते. नट त्याला सुचवतो की गोष्ट नुसती वाचू नये, करून दाखवावी. तरुण किप्सची भूमिका नट करील आणि वाटेत भेटलेली बाकी सगळी माणसे खुद्द किप्सने करावीत. मग आपण तरुण किप्सबरोबर क्रायथिन गिफर्ड या गावी जातो. ॲलिस ड्रॅब्लो नावाची एक वृद्धा वारली आहे आणि तिची कागदपत्रे तपासण्यासाठी त्याला खाजणातल्या ईल मार्श हाऊस या एकाकी घरात राहायचे आहे. त्या घराकडे जाणारी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. अंत्यविधीच्या वेळी त्याला काळ्या वस्त्रांतली, खंगलेल्या चेहऱ्याची एक स्त्री दिसते आणि ती आणखी कोणाला दिसली का, हे विचारताच गावकऱ्यांची तोंडे बंद होतात. ती जेनेट हम्फ्री, ड्रॅब्लोबाईंची बहीण. तिचे मूल तिच्याकडून काढून घेतले गेले आणि पुढे तिच्या डोळ्यांदेखत घोडागाडीसह खाजणाच्या दलदलीत बुडाले. ती कुणाच्या दृष्टीस पडली की कुठेतरी एक लहान मूल दगावते, हा त्या गावाचा अनुभव आहे.

आपल्याकडच्या नाट्यविचारात या प्रयोगाला लावून पाहण्याजोगी एक चौकट तयार आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे जे विभाव, म्हणजे तो रस जागवणारी कारणे, सांगितले आहेत, त्यांत विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, ओसाड घर, अरण्य आणि आप्तांच्या वधाविषयी पाहणे, ऐकणे किंवा कथेतून कळणे यांचा समावेश आहे. कापणारे हातपाय, अंगावरचे रोमांच, उडालेला चेहऱ्याचा रंग आणि बदललेला स्वर हे त्याचे अनुभाव, म्हणजे भीतीची बाहेर दिसणारी लक्षणे. या रसाचा वर्णही तिथे कृष्ण सांगितला आहे. एका इंग्रजी नाटकात जवळजवळ ही सारी यादी सापडावी याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण भीतीची कारणे फारशी देशी-परदेशी नसतात. लक्ष देण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे : या प्रयोगात अनुभाव आधी येतात आणि विभाव मागाहून. पडदा उघडल्यावर किप्स अडखळतो, त्याचा स्वर दबलेला असतो, नजर कागदावरून वर येत नाही, आणि आपण ते हौशी माणसाचे अवघडलेपण म्हणून सोडून देतो. नट त्याला आवाज फेकायला शिकवतो तेव्हा प्रेक्षक मोकळेपणाने हसतात. हा माणूस वाचनात कच्चा नसून त्याने काहीतरी भयंकर पाहिले आहे, हे जेव्हा उमगते तेव्हा आपल्याला आपलेच हसणे आठवते आणि अस्वस्थ करते. धास्तीचे पहिले बी हे असे पेरलेले आहे, आणि पेरताना ते कोणाच्याही ध्यानात येत नाही.

या सुरुवातीच्या भागाबद्दल काही प्रेक्षकांची तक्रार असते की नाटक रेंगाळते. ही तक्रार मला मान्य नाही. या वेळात प्रयोग प्रेक्षकांशी एक करार करत असतो. रंगमंचावर एक वेताचा पेटारा, दोन-तीन खुर्च्या आणि कपडे अडकवायची दांडी एवढेच सामान आहे. नट किप्सला सांगतो की हा पेटारा म्हणजे घोडागाडी, हाच आगगाडीचा डबा, हेच लिहायचे मेज. कोट बदलला की माणूस बदलला. पुढे तो ध्वनिमुद्रित आवाजाची किमया दाखवतो : लंडनच्या रस्त्याचा गजबजाट ऐकू येतो आणि किप्स लहान मुलासारखा हरखून जातो. आपणही हरखतो, कारण हा खेळ आपल्याला लहानपणापासून येतो. पाटाची गाडी आणि काठीचा घोडा प्रत्येकाने केलेला आहे. पण दर वेळी पेटाऱ्याला गाडी म्हणून स्वीकारताना प्रेक्षक एक सवय लावून घेत असतो : जे नाही ते आहे असे मानण्याची. पहिला अर्धा तास ही सवय गमतीसाठी वापरली जाते. त्यानंतर ती मोडता येत नाही. ज्याने रिकाम्या जागेत गाडी पाहिली, त्याला रिकाम्या जागेत आणखी काही दिसू लागले तर तो स्वतःला कसा थांबवणार? या प्रयोगातील भीती प्रेक्षकांच्याच कल्पनाशक्तीच्या भांडवलावर चालते आणि ते भांडवल त्यांनी आपण होऊन, हसत हसत दिलेले असते.

याचे सर्वांत लख्ख उदाहरण म्हणजे कुत्रा. घराकडे परत जाताना सोबत असावी म्हणून सॅम डेली हा स्थानिक जमीनदार तरुण किप्सला स्पायडर नावाची आपली कुत्री देतो. रंगमंचावर कुत्री नाही. नट खाली वाकतो, हवेत हात फिरवतो, गळ्याखाली खाजवतो, तिच्याशी चार शब्द बोलतो, आणि काही मिनिटांत तिचा आकार, तिची उंची, तिचे पायात घोटाळणे आपल्याला ठाऊक होते. हे मूकाभिनयाचे कौशल्य आहेच, परंतु खरी कसोटी पुढे येते. धुक्यातून कुठूनतरी शीळ येते, कुत्री त्या दिशेने धावत सुटते आणि दलदलीत रुतू लागते. किप्स पालथा पडून तिला ओढतो. नटाच्या मिठीत प्रत्यक्षात काहीही नसते, त्याची बोटे हवेवर आवळलेली असतात, मान मागे खेचलेली असते, आणि त्या क्षणी प्रेक्षागृहात ओढवणारी शांतता इतकी गडद असते की नटाचे धापा टाकणे शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. मुळात नसलेल्या प्राण्याच्या जिवासाठी शेकडो माणसे श्वास रोखून बसतात. इथे दचका अजिबात नाही. मोठा आवाज नाही, अचानक प्रकाश नाही. निव्वळ धास्ती आहे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रयोगातील हा सर्वोत्तम प्रवेश आहे.

ध्वनियोजनेचा विचार याच अंगाने करायला हवा. घोडागाडीचा आवाज आपण प्रथम ऐकतो तेव्हा तो निरुपद्रवी असतो. केकविक हा गाडीवान किप्सला घराकडे नेत असतो, टापांचा ठेका आणि चाकांची घरघर एवढाच तो आवाज. प्रेक्षकांच्या कानांची त्याच्याशी ओळख होते. नंतर किप्स एकटा पायी परतू लागतो, धुके उतरते आणि तोच आवाज पुन्हा येतो. केकविकच परत आला असावा असे वाटून आपल्याला क्षणभर हायसे वाटते. मग घोड्याचे खिंकाळणे, पाण्याचा आवाज आणि एका लहान मुलाचा आक्रोश ऐकू येतो. खरा केकविक त्यानंतर बऱ्याच वेळाने येतो आणि तेव्हा कळते की आपण ऐकले ते आज घडलेले नव्हतेच. याचा परिणाम केवळ त्या प्रवेशापुरता राहत नाही. इथून पुढे टापांचा आवाज आला की तो खरा की त्या जुन्या अपघाताचा, याची शहानिशा करण्याचे काहीच साधन प्रेक्षकाजवळ उरत नाही. प्रारंभी ज्या ध्वनिमुद्रणाची गंमत वाटली होती त्याच्यावरचा विश्वास उडतो. हा आवाज नटांनी मागवला की आपोआप आला, ही शंका मनात शिरली की नाटकातले नाटक आणि बाहेरचे नाट्यगृह यांच्यातली भिंत पातळ होते. धुक्यासाठी सोडलेला धूरही रंगमंचापुरता न थांबता प्रेक्षकांपर्यंत येतो, त्यामुळे वाट हरवल्याची भावना खुर्चीत बसूनही अंगाला जाणवते.

दुसरा आवाज याहून साधा आहे. रात्री बंद दारामागून येणारा ठोक्यांचा आवाज : दोन ठोके, थांबा, पुन्हा दोन ठोके. तो वाढत नाही, घाई करत नाही. लयीत असलेला आवाज घाबरवतो तो त्याच्या थांब्यांमुळे, कारण प्रत्येक थांब्यात आपण पुढच्या ठोक्याची वाट पाहतो आणि वाट पाहणे हेच धास्तीचे दुसरे नाव आहे. दार पुढे उघडे सापडते आणि आत कोणी नसताना डोलणारी आरामखुर्ची दिसते, तेव्हा आवाजाचे कारण कळते पण समाधान होत नाही.

हे दार आणि त्यामागची मुलाची खोली दाखवण्यासाठी जाळीचा पडदा वापरलेला आहे. ही युक्ती जुनी आहे आणि आपल्या रंगकर्मींनाही परिचित आहे : समोरून तिरपा प्रकाश टाकला की असा पडदा भरीव भिंतीसारखा दिसतो आणि समोरचा प्रकाश काढून मागचा लावला की तो विरघळल्यासारखा होऊन पलीकडचे दृश्य दिसू लागते. अर्ध्या नाटकापर्यंत आपण जिला रंगमंचाची मागची मर्यादा समजत होतो तिच्यामागे एक आख्खे घर होते, हे अचानक कळणे हाच एक धक्का आहे आणि तो कोणत्याही मोठ्या आवाजाशिवाय बसतो. खोली प्रथम दिसते ती अत्यंत नीटनेटकी, खेळणी जागच्या जागी, जणू मूल आत्ताच जेवायला खाली गेले आहे. भुताच्या घरात आपण जाळ्याजळमटांची अपेक्षा धरून असतो. त्याऐवजी कोणीतरी रोज आवरत असावे अशी खोली दिसली की काटा येतो. पुढे हीच खोली विस्कटलेली दाखवली जाते. तेव्हा राग दिसतो, पण पहिल्या दृश्यातील दुःख त्याहून अधिक काळ मनात राहते.

नाट्यगृहाच्या वास्तूचा वाटाही मोठा आहे. संहितेतील घटनास्थळच मुळात रिकामे नाट्यगृह आहे, म्हणून प्रेक्षक ज्या वास्तूत बसले आहेत तीच कथेची जागा ठरते. छतावरची नक्षी, बाल्कनीचा कठडा, बाहेर जाण्याचे दरवाजे, सगळेच नेपथ्य होते. फॉर्च्युन हे १९२४ साली उघडलेले, जेमतेम सव्वाचारशे ते साडेचारशे आसनांचे नाट्यगृह आहे. एवढ्या लहान जागेत नटाचा उसासा ऐकू जातो आणि शेजाऱ्याचे शहारणेही. अंत्यविधीच्या प्रवेशात ती स्त्री विंगेतून न येता प्रेक्षकांमधल्या वाटेने येते. ज्यांची मान त्या वेळी समोर आहे त्यांना ती बाजूने गेल्याचा नुसता भास होतो. काहींना दिसते, काहींना दिसत नाही, आणि मग कुजबुज सुरू होते की आत्ता कोणी गेले का. गावकऱ्यांमध्ये जे घडते तेच प्रेक्षागृहात घडवलेले आहे. कादंबरीवर २०१२ साली आलेल्या चित्रपटात कॅमेरा आपल्या वतीने पाहतो, जिथे पाहायचे तिथेच नेतो. इथे अंधारात कुठे पाहायचे हे प्रेक्षकाला स्वतः ठरवावे लागते, आणि आपण चुकीच्या जागी पाहत आहोत ही शंका त्याला शेवटपर्यंत सोडत नाही. विजेचा प्रकाश जाऊन केवळ हातातली बॅटरी उरते त्या प्रवेशात तर ही शंका पराकोटीला जाते, कारण प्रकाशाचा तो लहानसा गोल जिथे नाही तिथे सगळीकडे काहीतरी असू शकते.

आता दोषांकडे. उत्तरार्धात त्या स्त्रीची कर्कश किंकाळी आणि तिच्यासोबतचा प्रकाशाचा झोत अनेकदा येतो. अचानक मोठा आवाज आला की शरीर दचकते, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिला विचारांची गरज लागत नाही. आणि तोच आवाज वारंवार आला की तिची धार बोथट होते, हाही शरीराचाच नियम आहे. पहिली किंकाळी धास्तीच्या साठ्यावर पडते म्हणून तिचा स्फोट होतो. त्यानंतरच्या किंकाळ्यांपूर्वी तो साठा पुन्हा भरण्याइतका अवधी दिलेला नाही. शिवाय दचक्यानंतर प्रेक्षागृहात हसण्याची लाट येते, विशेषतः शाळांचे गट आलेले असतात तेव्हा, आणि या नाटकाला ते वर्षानुवर्षे येत राहिले, कारण इंग्लंडमधील शाळांत नाट्यविषयाच्या अभ्यासासाठी ते लोकप्रिय होते. ते हसणे स्वाभाविक आहे, ताण सुटल्याची ती खूण आहे; पण ताण सुटला म्हणजे पुढच्या प्रवेशाला शून्यातून सुरुवात करावी लागते. दिग्दर्शकाने निम्म्या किंकाळ्या गाळल्या असत्या तरी चालले असते, असे माझे ठाम मत आहे. कुत्रीच्या प्रवेशाने आणि दारामागच्या ठोक्यांनी जे कमावले, त्यातले काही इथे विनाकारण उधळले जाते.

प्रयोग सावरतो तो शेवटी, आणि सावरतो तो आवाज न करता. किप्सची कहाणी पूर्ण होते : पुढे त्याचे लग्न झाले, मूल झाले, आणि एके दिवशी जत्रेत, पत्नी व मूल घोडागाडीतून फेरी मारत असताना ती स्त्री पुन्हा दिसली, घोडा बिथरला, गाडी झाडावर आदळली. मूल जागीच गेले, पत्नीही त्या अपघातातून वाचली नाही. सांगून झाले, तालीम संपली, दिवे साधे झाले. नट प्रसन्नपणे किप्सचे अभिनंदन करतो आणि म्हणतो की तुम्ही त्या भूमिकेसाठी बाई आणलीत हे मला आधी सांगितले नाहीत, ही तुमची कमाल आहे. किप्स त्याच्याकडे पाहत राहतो. त्याने कोणालाही आणलेले नसते. नटाच्याही घरी लहान मूल आहे.

या संवादात किंकाळी नाही, धूर नाही, जाळीचा पडदा नाही. दोन माणसे आणि एक पेटारा, म्हणजे सुरुवातीला होते तेवढेच सामान. हे नाटक दोन पात्रांचे म्हणूनच ओळखले जाते आणि प्रेक्षकांनी मात्र संध्याकाळभर तिसरे माणूस पाहिलेले असते. करारातले कलम आता उलगडते : पेटारा ही गाडी आहे असे आपण मानले तसे ती स्त्री म्हणजे कोणी नटी आहे असेही मानले होते, आणि ते मानायला आपल्याला कोणीही सांगितले नव्हते. शापाची अट एवढीच होती की ती दृष्टीस पडावी. दिवे लागतात, फॉर्च्युनचे रसेल स्ट्रीटवरचे दरवाजे उघडतात, आणि तिला पाहिलेली चारशे माणसे आपापल्या मुलांकडे घरी जायला निघतात.